व्याह्यांच्या मानाची दुर्बीण

आमच्या घरमालक काकांनी मी यायच्या आधीचा अख्खा हिवाळा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून काढला. डाव्या पायात तपकिरी, उजव्या पायात काळा, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. मिनेसोटातला हिवाळा हा असल्या खेळांचा मोसम नव्हे. पण काकांचं म्हणणं असं, की दोन बूट एकाच बर्फात, एकाच माणसाखाली चालले तरच त्यांची तुलना खरी. ऑफिसात लोक हसायचे ते ठीक, पण एकदा देवळात कुणा सज्जनाने चुकलेली जोडी लावून द्यावी म्हणून त्यांचा काळा बूट दुसऱ्याच कुणाच्या काळ्या बुटाशेजारी नेऊन ठेवला आणि काका नुसत्या मोज्यावर लंगडत गाडीपर्यंत आले. मार्चमध्ये निकाल लागला. डावा श्रेष्ठ. आता त्या जोडातला डावा झिजलेला आणि उजवा कोरा, असं विजोड घालणं त्यांना पटेना, म्हणून ते नवा जोड आणायला गेले, तर कंपनीने ते बूट बनवणंच बंद केलेलं. घरच्यांना वाटलं, आता तरी वैतागतील. तर म्हणाले, "असू दे. निदान कळलं तरी."

मी दोन हजार तीनच्या सप्टेंबरात त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून आले. घर ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात, मागे छोटं तळं, तळ्यापलीकडे झाडी. मी नाशिकची, एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर आलेली, आणि तळघरातली एक खोली माझी. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की खोलीच्या छताला जितके दिवे आहेत तितक्या त्यांच्या जाती आहेत. एक पिवळट, एक निळसर, एक पेटताना विचार करणारा. प्रत्येकाच्या खोबणीला तारखेची चिठ्ठी. एखादा दिवा गेला, की काका समाचाराला आल्यासारखे खाली यायचे, त्याला अलगद काढायचे आणि "चांगला चालला," असं म्हणून वर घेऊन जायचे.

काकांची नोकरीच मुळी वस्तूंची परीक्षा घेण्याची होती. घर तापवणाऱ्या भट्टीला चालू-बंद करणारं जे भिंतीवरचं यंत्र असतं, ते बनवणाऱ्या कंपनीत ते होते, आणि ते यंत्र तापवून, गोठवून, आपटून, मोडेपर्यंत तपासायचं हे त्यांचं काम. माणूस नागपूरचा, सत्तरच्या दशकात इकडे आलेला. कामावरून घरी आले, तरी ती सवय काही कोटाबरोबर खुंटीला लागायची नाही. "वस्तू घ्यायची नसते, निवडायची असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "तो पुढचा टप्पा." बूट निवडले की ते पायाला लागतात का, हा पुढचा टप्पा. सोफा निवडला की तो दारातून आत जातो का, हा पुढचा टप्पा. एका सोफ्याचे पाय त्या टप्प्यात कापावे लागले होते.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरचा प्रेशर कुकरचा किस्सा काकू पाहुण्यांना हमखास सांगायच्या. सगळा दिवस गाडी चालवून ही दोघं तिथं गेली. भांड्यांच्या दुकानात काकांनी कुकर हातात घेतला, उलटापालटा केला आणि गुजराती दुकानदाराला विचारलं, मागे शेगडी आहे का. त्या बिचाऱ्याने चहाची शेगडी दाखवली. काकांनी तिच्यावर एकामागून एक कुकर चढवून शिट्ट्या ऐकल्या. दुकानात साड्या घेऊन आलेल्या बायका वाफेत उभ्या. शेवटी काका म्हणाले, एकाचाही सूर स्थिर नाही, आणि ते न घेताच निघाले. दुकानदाराने काकूंना हळूच विचारलं, बेन, घरीही असंच असतं का. काकूंनी त्याच्याकडून एक सांडशी विकत घेतली, निव्वळ लाजेखातर.

पण गंमत अशी की हा माणूस लहान गोष्टींतच अडकायचा. मोठ्या गोष्टी त्याने चुटकीसरशी केल्या होत्या. अमेरिकेला यायचं एका संध्याकाळीत ठरलं. घर पाहिलं आणि घेतलं. आणि काकूंना पाहायला गेले तेव्हा पोह्यांची बशी हातात यायच्या आत होकार देऊन मोकळे. हे मी काकूंकडून ऐकलं आणि काकांना छेडलं, तर ते खरंच गोंधळले. "तिथं निवडायचं काय होतं?" म्हणाले. "हिला पाहिलं, झालं."

त्यांची एकुलती एक मुलगी सई इथंच जन्मलेली, उत्तरेला ड्युलथमध्ये लहान मुलांना शाळेत गाणं शिकवायची. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती एरिकला घेऊन आली. एरिक तिकडचाच, उंच, लाजरा, काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनियर. त्याने येताना भेट आणली होती, त्याच्या वडिलांनी त्याच महिन्यात मारलेल्या हरणाचं सॉसेज. शाकाहारी घरात हे पुडकं कुणी हातात घ्यायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग काकूंनी चिमट्याने धरून ते गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. नोव्हेंबरात मिनेसोटातल्या गॅरेजला फ्रीजची गरज नसते. काकू परत आल्या आणि हसून म्हणाल्या, उन्हाळ्यात परसातली सगळी मेथी हरणं खातात, तेव्हा हरीण कमी झालं याचं त्यांना फार दुःख नाही. सगळे हसले. मला वाटलं, झालं, जमलं.

जेवायला श्रीखंड-पुरी होती. पुऱ्यांच्या दुसऱ्या घाण्याला सईने सांगितलं, की ती दोघं लग्न करणार आहेत. काकांनी मुलाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, पगार विचारला नाही. त्यांनी विचारलं, "अजून कोण कोण पाहिलेस?"

सई म्हणाली, कुणी नाही. काका म्हणाले, एकही नाही? मग तुलना कशाशी केलीस? सईने आधी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "बाबा, ही इज नॉट अ कुकर." पण काका गंभीर होते. त्यांनी पुरी खाली ठेवली आणि एरिकला कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. पहिल्या दुकानात शिरायचं आणि पहिली दिसेल ती वस्तू उचलायची, ही काही निवडायची रीत नव्हे, असं.

माझी खात्री आहे, त्यांना अपमान करायचा नव्हता. त्यांना ती खरोखर पद्धतीतली चूक वाटली होती. पण एरिकचे कान लाल झाले, आणि सई उठली. बाहेर बर्फ भुरभुरत होता, तरी ती दोघं त्याच संध्याकाळी ड्युलथला परत गेली. पुऱ्या तशाच राहिल्या. काकूंनी टेबल आवरता आवरता एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही किती पाहिल्या होत्या?" काका उरलेल्या पुऱ्या एकावर एक रचत बसले.

मग डिसेंबर गेला तो घराला कुलूप लागल्यासारखा. सई काकूंशी फोनवर बोलायची, पण बाबाला दे म्हणायची नाही, आणि काकाही मागायचे नाहीत. फोन वाजला, की ते उठून गॅरेजमध्ये जायचे. काकू मला म्हणाल्या, की लग्न ऑगस्टमध्ये ठरलंय, एरिकच्या वडिलांच्या घरी, तळ्याकाठी. सई म्हणते, बाबाला यायचं तर येईल. हे सांगताना काकू रडल्या. या दोघांत आता कधी बोलणं होईल का, याची त्यांना खरीच धास्ती होती, आणि मलाही. काका दिवसेंदिवस बारीक होत चालले होते, त्या हिवाळ्यात बूटसुद्धा निमूट एकाच जोडाचे घालत होते.

जानेवारीत एका रात्री भट्टीच्या पाइपातून त्यांचा आवाज खाली आला. आमच्या घरात वर बोललेलं सगळं त्या पाइपातून माझ्या खोलीत यायचं, मी ऐकायला जात नव्हते. तेव्हा मोबाइलवर रात्री नऊनंतर मिनिटं फुकट असायची, आणि काका नऊ वाजायची वाट बघत बसले असावेत. घसा साफ करून ते म्हणाले, सई, लग्नात व्याह्यांचा मान करायचा असतो. शाल, नारळ आणि एक चांगली वस्तू. त्यांना काय आवडतं?

सईने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं. ती फक्त म्हणाली होती, "ही हंट्स," आणि फोन ठेवला होता.

काकांना तेवढं पुरलं. हरणाच्या शिकारीत देण्यासारखं काय, यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. रायफल देणं काकूंना मुळीच मान्य नव्हतं, लग्नात कुणी हत्यार देतं का. चाकूही नको. शेवटी काकांना सापडली ती रायफलवर बसवायची दुर्बीण, इकडे तिला स्कोप म्हणतात. "ही पाहायची वस्तू आहे, मारायची नाही," असं त्यांनी काकूंना समजावलं, आणि काकूंनी बऱ्याच विचाराने मान डोलावली.

मग सुरू झाली निवड. माझी गाडी नवी आणि माझा शनिवार मोकळा, त्यामुळे दुकानात न्यायला मी. ते शिकारीचं दुकान एवढं मोठं की आत एक कृत्रिम डोंगर होता आणि डोंगरावर पेंढा भरलेली जनावरं. काउंटरवरच्या पोराने अदबीने विचारलं, सर, आपण कशाची शिकार करता? काका म्हणाले, कशाचीच नाही, मी शाकाहारी आहे. मग त्यांनी एक दुर्बीण मागून घेतली आणि डोंगरावरच्या एका भल्यामोठ्या हरणाच्या काचेच्या डोळ्यावर रोखून इतका वेळ उभे राहिले, की लोक वाकून जायला लागले.

दोन-तीन शनिवारांत काकांना त्यातलं एवढं कळायला लागलं, की तो पोरगाच आता त्यांची वाट बघायचा. मलाही कळायला लागलं, इलाज नव्हता. पुढची काच जितकी मोठी तितका अंधारात उजेड जास्त, कारण हरणं बाहेर पडतात ती पहाटे किंवा तिन्हीसांजेला. डोळा काचेला फार जवळ नेला, तर गोळी सुटताना रायफल मागे हिसडा देते आणि दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर उमटवते. म्हणून मागची काच डोळ्यापासून चार बोटं लांब ठेवूनही चित्र पूर्ण दिसायला हवं. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, आमच्याकडे चंद्रकोर बायका हौसेनं लावतात, व्याह्यांना एक काढून द्यायला हरकत नाही.

आणि दर रात्री नऊला फोन. रोज एक प्रश्न. व्याही उजव्या डोळ्याने बघतात की डाव्या? चष्मा लावतात का? पहाटे जातात की संध्याकाळी? हरीण किती लांब असतं? सुरुवातीला सई "विचारते" एवढंच म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी एका शब्दात उत्तर द्यायची. व्याहीही फार बोलणारे नव्हते. हरीण किती लांब, याचं त्यांनी दिलेलं उत्तर होतं, "घरापासून गोठ्याइतकं." आता गोठा किती लांब, हा काकांचा पुढचा प्रश्न. मग एरिकने पावलं टाकून मोजलं. मग पावलाची लांबी किती, हा त्याच्या पुढचा. फेब्रुवारीत फोन जरा लांबायला लागले. तळ्यावर बर्फ किती, शाळेत मुलं काय गातात, असलं काहीबाही प्रश्नाच्या मागून यायला लागलं. एका रात्री पाइपातून काका हसल्याचं ऐकू आलं. मी अंथरुणात उठून बसले.

बर्फ वितळला तसा काकांनी घरी प्रयोग मांडला. दुकानातून दुर्बिणी घरी आणायच्या, महिनाभर बघायच्या, परत करायच्या, हे इथं चालतं, आणि काकांनी ते जितकं चालवलं तितकं कुणी चालवलं नसेल. मागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर टॉवेलांच्या गुंडाळ्या, त्यावर दुर्बीण. आणि तळ्यापलीकडे मी. माझ्या हातात भिंतीवरचं मराठी कॅलेंडर. दिवस मावळायला लागला की काका डेकवरून एकेका दुर्बिणीतून बारीक अक्षरं वाचायचे. कुठल्या दुर्बिणीतून किती अंधारापर्यंत "संकष्टी" वाचता येते आणि कुठलीतून नुसता डाग दिसतो, ही परीक्षा. अक्षरं संपली की ते हात हलवायचे, मी पान उलटायची. डासांनी मला फोडून काढलं. भाडं मात्र कमी झालं नाही.

एकदा मी मे महिन्याचं पान धरून उभी असताना शेजाऱ्यांपैकी कुणीतरी पोलिसांना फोन केला. त्यांना तरी काय दोष द्यायचा. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा तो काळच तसा होता, आम्ही सगळे चार माणसांत जपून बोलायचो, आणि इथं एक सावळा मनुष्य संध्याकाळच्या वेळी एका मुलीवर रायफलची दुर्बीण रोखून बसलेला. मी धावत तळ्याला वळसा घालून आले तोवर पोलिसाची गाडी दारात होती आणि काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोलीस तरुण होता, शांत होता. त्याने विचारलं, रायफल कुठे आहे. काका म्हणाले, रायफल नाही. पोलिसाने पुन्हा विचारलं, मग ही बसवणार कशावर? काका म्हणाले, ती माझ्या मुलीच्या सासऱ्यांना द्यायची आहे. हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोलिसाने माझ्या हातातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. काकांनी त्याला सगळी पद्धत समजावली. मग तोही शिकारीच निघाला, मिनेसोटात दुसरं काय निघणार, आणि त्याने कठड्यावर वाकून एकदा या दुर्बिणीतून, एकदा त्या दुर्बिणीतून बघितलं, मला पुन्हा तळ्यापलीकडे पाठवून. जाताना त्याने काकूंचा चहा घेतला आणि काकांना सांगितलं, पुढच्या वेळी डेकवर बसण्याआधी आम्हाला कळवा. काका त्यानंतर दर वेळी कळवायचे. पोलीस स्टेशनातल्या बाईंना त्यांचा आवाज पाठ झाला.

शेवटी दोन दुर्बिणी उरल्या. एक जाडजूड, मोठ्या काचेची, एक सडपातळ. काका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. थोरलीत संकष्टी जास्त वेळ वाचता यायची. पण व्याही दाट झाडीत बसतात, हरीण गोठ्याइतक्या अंतरावर येतं, आणि तिथं थोरलीतून बघितलं तर हरणाचे नुसते केस दिसतील, हरीण दिसणार नाही. जवळच्यासाठी कमी मोठं दाखवणारी आणि जास्त रुंद दाखवणारी हवी. या निष्कर्षाला यायला जुलै उजाडला. धाकटी ठरली. काकांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ." मी तळ्यापलीकडे पाहिलं. झाडीच्या कडेला एक हरणी उभी होती, कान हलवत, अगदी तिचा श्वास कळावा इतकी जवळ. मला वाटलं, या बाईला कुणी मारू नये. पण ते मी बोलले नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिकडे पोचलो. सईने काकांना मिठी मारली, पण दोघंही जरा अवघडलेले होते. फोनवर स्कोपबद्दल तासन् तास बोललेली माणसं समोरासमोर आली, की स्कोप हातात नसताना काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या त्या संध्याकाळचा विषय कुणी काढला नव्हता. तो तसाच मध्ये उभा होता.

संध्याकाळी सीमांतपूजन. म्हणजे मुलीकडच्यांनी वेशीवर जाऊन वरपक्षाचं स्वागत करायचं, व्याह्यांना मान द्यायचा. इथं आम्हीच वरपक्षाच्या घरी पाहुणे, तेव्हा वेस कुठली हा प्रश्न पडला. काकांनी रस्त्याकडेच्या पत्रपेटीला वेस ठरवलं. एरिकचे वडील, त्यांना सगळे रॉय म्हणायचे, इस्त्रीचा शर्ट घालून पत्रपेटीजवळ उभे राहिले. मोठा हाडापेराचा माणूस, साठीच्या पुढचा. काकूंनी त्यांना कुंकू लावलं, शाल घातली. नारळ कसा धरायचा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो काखेत धरला. मग काकांनी चांदीच्या तबकातून खोकं पुढे केलं.

रॉयनी ते उघडलं. दुर्बीण काढून त्यांनी तळ्याच्या दिशेने धरली आणि बराच वेळ मावळतीचा उजेड बघितला. मग म्हणाले, "नाइस ग्लास," म्हणजे काच छान आहे. सई माझ्या कानात पुटपुटली, की रॉयसाठी हे भाषण आहे.

इथं थांबलं असतं तर सगळं छान होतं. पण काकांनी जाकिटाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हरांची पेटी काढली. पुढचा टप्पा आला होता. म्हणाले, आत्ताच बसवून देतो, दोनच मिनिटं लागतील. सईने एरिककडे बघितलं, एरिकने वडिलांकडे. रॉय वळून घरात गेले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून.

बैठकीच्या भिंतीवर ती रायफल होती. जुनी, लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं, रॉयच्या वडिलांची. तिच्यावर नेम धरायला नळीवरच्या दोन छोट्या खुणा, बाकी काही नाही. काकांनी ती हातात घेतली, वरून बघितली, दुर्बीण तिच्यावर धरून बघितली. रॉयनी त्यांच्या हातून रायफल अलगद काढून घेतली, ती रिकामी असल्याची खात्री केली, खणातून वापरलेल्या काडतुसाचं एक रिकामं कवच काढून आत सरकवलं आणि खालचा दांडा ओढला. कवच सरळ वर उडालं, नेमकं दुर्बीण जिथं बसायची तिथूनच, काकांच्या नाकासमोरून, आणि लाकडी फरशीवर टणकन पडलं.

काकांनी ते उचललं. पुन्हा आत सरकवलं आणि स्वतः दांडा ओढला. पुन्हा तेच झालं. मग ते खुर्चीवर बसले. "रायफल कुठली," ते मराठीत म्हणाले, "हे मी विचारलंच नाही."

मला हसू आलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच होतं, प्रत्येक भाग तपासून तपासून चकचकीत करायचा आणि जोडायचं शेवटी. मीही एवढे महिने तळ्यापलीकडे उभी होते आणि माझ्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. काकांचा चेहरा बघवेना. त्यांनी रॉयना इंग्रजीत विचारलं, की तुम्ही माझ्या एवढ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत, मग हे का नाही सांगितलंत. रॉयनी खांदे उडवले आणि सईकडे हात केला. "शी आस्क्ड मी नॉट टू."

सई पुढे आली आणि काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. "बाबा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तू स्कोप म्हणालास तेव्हाच एरिक म्हणाला, डॅडच्या रायफलला स्कोप फिट नाही होत."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ओके, आणि फोन ठेवला असतास. आणि मग परत कधी केला असतास, बाबा?"

काकू खिडकीकडे वळल्या. एरिक उगीचच ते रिकामं कवच उचलून हातात फिरवत राहिला. इतके महिने रोज रात्री ती मुलगी सासऱ्याला प्रश्न विचारत होती, तो मनुष्य गोठ्याकडे बघून उत्तर देत होता, आणि दोघांनाही माहीत होतं की याचा काही उपयोग नाही.

काकांनी स्क्रू-ड्रायव्हरांची पेटी मिटून खिशात घातली. मग त्यांनी एरिककडे पाहिलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द जपून, सांगितलं, की थँक्सगिव्हिंगला मी जे बोललो ते चूक होतं. मी स्वतः एकच पाहिली होती आणि ती बरोबर निघाली. एरिकचे कान पुन्हा लाल झाले. रॉयनी रायफल परत भिंतीवर लावली, दुर्बीण मात्र खोक्यात न ठेवता तळ्याकडच्या खिडकीत ठेवली, आणि शाल सरळ करून सगळ्यांना जेवायला चला म्हणाले.

आम्ही बाहेर निघालो. मी मागे होते म्हणून मला ऐकू आलं. सई काकांचा हात धरून चालत होती, आणि तिने विचारलं, "उद्या नऊला फोन करशील?"

"उद्या लग्न आहे तुझं."

"मग परवा कर."

काकांजवळ आता विचारायला एकही प्रश्न उरला नव्हता. तरी ते म्हणाले, "करतो."